न्हानूकाकांच्या दोन डझन माश्या

कुणाबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे घरच्यांना वाटतं, हिला सगळं लिहिता येतं. मला तसं वाटत नाही. दुसऱ्यासाठी मी मन लावून दोनच शब्द लिहिले होते, आणि त्या दोन शब्दांनी काय केलं ते पुढे येईलच. तरीही न्हानूकाकांबद्दल लिहिते आहे, कारण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मुळगावात आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, नवा माणूस आला, की तो आधी कुत्र्यांकडे बघत राहतो. सगळ्या कुत्र्यांची डावी बाजू नीट विंचरलेली असते आणि उजवी तशीच पिंजारलेली. आमच्या शेजारचे न्हानूकाका विंचरायला डावीकडून सुरुवात करतात, आणि उजवी बाजू येईपर्यंत कुत्रं कंटाळून उठून जातं. फणीतले केस काका कागदाच्या पुडीत भरतात आणि वर पेन्सिलीनं लिहितात, 'पोदेराचो तांबडो, पोटाकडचे.' पोदेर म्हणजे आमच्याकडे सकाळी पाव घेऊन येणारा. त्याच्या कुत्र्याच्या पोटाचे केस सगळ्यात मऊ, असं काकांचं मत आहे.

या केसांच्या काका माश्या करतात. खऱ्या नव्हे, मासे पकडायच्या. थंड देशांतल्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यातल्या किड्यांची पिल्लं खातो. त्या पिल्लाला निंफ म्हणतात. नखाएवढ्या गळावर पितळी मणी ओवायचा, दोऱ्याला मेण लावायचं, त्यावर केसांचा बारीक भुगा पिळायचा आणि तो दोरा गळाभोवती गुंडाळायचा, की खोटं पिल्लू तयार. भुग्यात चमकी लागते. काका ती चवथीच्या मखराच्या झिरमिळ्या कातरून काढतात. मग प्रत्येक माशी पाण्याच्या ग्लासात सोडून खिडकीच्या उजेडात बघतात. "जिवंत दिसाक व्हयी," ते म्हणतात. "असाक नको."

हे काम काकांना एका परदेशी साहेबानं शिकवलं, पण हा मासा त्यांनी कधीच पाहिलेला नाही. माझे बाबा टिपर ट्रक चालवतात. सुट्टीच्या दिवशी ते काकांच्या दारात बसून त्यांना छेडतात.

"न्हानू, आपल्या न्हयत हो मासो हा?"

"नाय."

"तू खंय बघितलंस?"

"फोटोत."

"आमच्या व्हाळातलो मासो गांडुळार येता. तुझ्या साहेबाच्या माशाक मखर व्हया."

काका हसत नाहीत. "तो मासो शिकलेलो हा," एवढंच म्हणतात, आणि बाबा माझ्याकडे बघून हसतात.

केसांच्या त्या भुग्याला डबिंग म्हणतात. हा शब्द वाड्यावर पसरला आणि जत्रेच्या नाटकाची मंडळी काकांकडे आली. त्यांच्या राजाचा आवाज बसला होता. काका डबिंग करतात असं कळलं, तर पडद्यामागून राजाचं तेवढं बोलावं. काका दिवसाला दहा वाक्यं बोलणारे. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "माझा डबिंग कुत्र्याच्या केसांचा असता." मंडळींना वाटलं, म्हातारा आपला अपमान करतोय. ती जी गेली, ती पुन्हा वर्गणीलाही आली नाहीत. त्यानंतर काकांच्या दारात फारसं कुणी येत नाही. बाबा, मी आणि कुत्री.

काका आधी तेरेखोलला एका गेस्ट हाउसवर राखणदार होते. तिथे दर हिवाळ्याला एक म्हातारा साहेब यायचा आणि व्हरांड्यात बसून आपल्या नदीसाठी माश्या बांधायचा. शेजारी बसून काका शिकले. साहेबाला मराठी येत नव्हती, काकांना इंग्रजी. काकांनी बांधलेली माशी साहेब चिमटीत धरून फिरवायचा, म्हणायचा, "नो, नानू," आणि ब्लेडनं दोरा कापून मोकळा गळ परत द्यायचा. नऊ हिवाळे. नऊ हिवाळ्यांत काकांची एकही माशी त्या ब्लेडमधून सुटली नाही. हे काका तक्रार म्हणून सांगत नाहीत. नऊ वर्षं कुणीतरी आपल्या हातांकडे एवढं बारीक लक्ष देत होतं, असं सांगतात.

मग साहेबाचं येणं थांबलं. काकाही मुळगावात एका खोलीत राहायला आले. मागच्या नोव्हेंबरात साहेबाचं पत्र आलं. ते मी वाचून दाखवलं. त्याची बोटं आता थरथरतात, दोरा धरता येत नाही. एप्रिलात नदी मासेमारीला उघडते. बहुतेक हे शेवटचं वर्ष. 'दोन डझन पाठव. यावेळी मी कापणार नाही. माशालाच ठरवू दे.'

काका दोन महिने बांधत होते. साहेबाच्या सवयीनं स्वतःच ब्लेड घेऊन बसायचे. किती कापल्या माहीत नाही, पण चोवीस ठेवल्या.

जानेवारीत आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "आत काय?"

"माश्यो," काका म्हणाले.

"सुकी मासळी परदेशात जात नाही."

"मासळी न्हय. माश्यो."

"माश्या? जिवंत?"

"जिवंत कशे असतीत? जिवंत नाय म्हणान लिव गो बाय तेंका."

फॉर्म इंग्रजीत भरायचा होता. मागे रांग होती, आणि तो माणूस माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता, की हिला येणार नाही. मी पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'डेड फ्लाइज'. मेलेल्या माश्या. संख्या चोवीस. काका माझ्या अक्षराकडे कौतुकानं बघत होते. मलाही बरं वाटलं.

एप्रिल गेला, मे गेला. पोस्टमनची सायकल वाड्यावर वळली की काका फणी खाली ठेवायचे. त्यानं मान हलवली की पुन्हा उचलायचे. "आवडली नसतली," ते एकदा म्हणाले. "साहेबान कापली असतली." तोवर मला कॉलेजच्या लायब्ररीत खरा शब्द सापडला होता, 'फिशिंग फ्लाइज'. परदेशातले कारकून मेलेल्या माश्यांचं पाकीट बघून काय करतील, हेही कळलं होतं. मी काकांना सांगितलं नाही. त्यांच्या दारावरून जाताना मोबाइलमध्ये बघत जाऊ लागले. या लिखाणात खरं एवढंच सांगायचं होतं.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. साहेबाच्या मुलीचं होतं. काकांनी मला हाक मारली, स्टूल पुसून दिलं.

साहेब जूनमध्ये गेला होता. हे मी वाचलं तेव्हा काकांनी मान हलवली, जशी पोस्टमन हलवायचा. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, की पाकीट साहेब गेल्यावर तीन आठवड्यांनी आलं. कागदावर मेलेल्या माश्या लिहिलं होतं, म्हणून ते तपासणीसाठी चार-पाच महिने अडकून पडलं. साहेब रोज पोस्टाची चौकशी करायचा.

ती ओळ मी गाळू शकले असते. काकांना कळलं नसतं.

"काका," मी म्हटलं, "तां माझ्यामुळे झाला. मी चुकीचा लिवलंय."

त्यांनी बोटाभोवती दोरा गुंडाळला. मग म्हणाले, "साहेब पोस्टात इचारी होतो?"

"रोज."

"मगे तेका गरज होती." दोरा सोडवून त्यांनी रिळावर नीट गुंडाळला. "तू रडा नको. माका इंग्रजी वाचूक येयना. फुडे काय तां तूच सांगतलस."

पुढे असं होतं. मुलीनं कधी मासेमारी केलेली नव्हती. वडील जिथे उभे राहायचे त्या वळणावर ती शेजाऱ्याला घेऊन गेली. पाकिटातली एक माशी गळाच्या दोरीला लावून तिनं पाण्यात टाकली. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळेला मासा लागला. मोठा होता. तिनं तो पाण्यात परत सोडला. उरलेल्या तेवीस माश्या तिनं वडिलांच्या डबीत, त्यांनी स्वतः बांधलेल्यांच्या शेजारी ठेवल्या आहेत.

काका म्हणाले, "मासो लागलो तां परत वाच. साहेबाच्या भाषेत वाच."

मी वाचलं. ते कळत असल्यासारखे ऐकत होते.

"आता आपल्या भाषेत."

"तिसऱ्या वेळेक," मी म्हटलं, "मासो लागलो."