निरंक टपालाच्या उत्सवाची बखर

श्रीविघ्नहर्ता सर्वांचे टपाल ठिकाणी पोहोचवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते साली राज्यात जे लाजिरवाणे वर्तमान जाहले ते लिहितो. लिहू नये ऐसे वाटते, परंतु सरकारांचीच आज्ञा जे, काही लपवू नये. राज्याचे नाव सांगत नाही, अब्रू आधीच फार गेली आहे. रयतेची गाऱ्हाणी ईमेलने यावी ऐसा सरकारांनी नियम केला आणि पत्ता एकच ठेविला. मग संगणकाचे जाणते शेख दाऊद हुजूर येऊन बोलिले, "सरकार, टपाल घेण्याच्या चाली दोन. आयमॅप धरिल्यास पत्र सर्व्हरवरच, म्हणजे टपाल कंपनीचे कोठीतच, राहते, आणि आपला मोबाईल, कचेरी, दिवाणजी, सर्वांस तेच टपाल दिसते. दुसरी पॉप. तीत जे यंत्र आधी मागेल ते पत्र उचलून नेते. मागे प्रत ठेवायची तर तसे सांगावे लागते." तेव्हा दिवाण नारो मल्हार बोलिले, "आपले टपाल परक्याचे कोठीत काय म्हणोन? पॉपच करा, मागे चिटोरेही नको." सरकारांस दोहोंतील काही उमगले नाही, पण चारचौघांत विचारावे कसे, म्हणोन मान डोलाविली, आणि तेथेच घात जाहला.

मग दिवाणजींचा लॅपटॉप आपसूक सारे टपाल ओढू लागला, आणि दिवाणजी त्यावर पत्ते खेळत, टपाल उघडीत नसत. इकडे दरबारची रीत ऐसी जे, रोज सकाळी कारकुनाने कचेरीचा संगणक पाहून टपाल वाचावे आणि काही नसल्यास "निरंक" पुकारावे. तो रोज "निरंक" पुकारू लागला, आणि सरकारांचा मोबाईलही रिकामा, मग सरकार बहुत संतोष पावले जे, रयतेस दुःखच उरले नाही! वा रे राज्य! आणि निरंक-उत्सव मांडिला, तोरणे लाविली, पेढे वाटिले. तो खालच्या पेठेच्या अनसूयाबाई लोहार पुढे आल्या आणि ताट बाजूस सारून बोलिल्या, "पेढे कसले वाटता, मेल्यांनो? नळाला गटाराचं पाणी येतंय, घरोघर कावीळ, माझा नातू डोळे उघडीना. सुनेनं मेलवर मेल धाडले, आणि तुम्ही म्हणता निरंक!" मग शेख दाऊदांनी सर्वांदेखत दिवाणजींचा लॅपटॉप उघडिला, आणि पेठेची गाऱ्हाणी एकामागे एक दिसो लागली. दिवाणजी बोलिले, "आम्हांस वाटले, कचेरी वाचते." कारकून बोलिला, "आम्हांस वाटले, आलेच नाही." सरकार बोलिले, "आम्हांस काहीच कळले नव्हते, आणि ते सांगायची लाज वाटली. दोष आमचा." मग तेच क्षणी आयमॅप लाविले, नातवास इस्पितळी नेले, आणि नळ खणावयास माणसे धाडिली.

दुसरे दिवशी नळाचे काम चालूच होते, आणि सरकार माफी मागावयास पायी पेठेत गेले. ऊन रणरणते, घसा कोरडा. अनसूयाबाईंनी घोंगडी अंथरून बसविले आणि बोलिल्या, "दारी आल्या माणसाला आधी पाणी द्यावं, ही आमची रीत, सरकार. पण घरात तेच पाणी आहे. तुम्हाला कसं देऊ?" सरकार मान खाली घालून तैसेच बसून राहिले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पुढे नळ बदलला, नातू हिंडूफिरू लागला, आणि दिवाणजी रजेवर गेले. सरकार अद्यापि त्या पेठेत कोणाच्या डोळ्यास डोळा देत नाहीत. लेखणी येथे खाली ठेविली.