भिमाजीची बोट बुडेना

"एकाच बाजूची बोट?" भिमाजी सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. "जावईबापू, बोट हाय का भिताड?"

"अहो, कॅमेरा एकाच बाजूनं बघणार," देवचक्के म्हणाले. "दुसरी बाजू बघतंय कोण?"

"मी बघनार ना!"

मनोहर देवचक्के हे पुण्याचे सिनेमा दिग्दर्शक. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईजवळ रामदास बोट बुडाली, शेकडो माणसं गेली. ती वादळात बुडाली हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, पण देवचक्क्यांच्या सिनेमात वादळच नव्हतं. वादळाला खर्च येतो. त्याऐवजी त्यांनी कारस्थान घातलं होतं. काळा चष्मा लावलेला एक माणूस तळाचं बूच काढतो आणि बोट बुडते. चष्मा त्यांच्याकडे होता. राहता राहिला समुद्र. समुद्राकाठी जायचं म्हणजे लॉज आला, खाणावळ आली. देवचक्क्यांची सासुरवाडी नेवाशात, तेव्हा समुद्रच नेवाशात आला. बहात्तरच्या जानेवारीत प्रवरेचा एक डोह त्यांनी अरबी समुद्र म्हणून पसंत केला. डोह छातीइतकाच आहे, असं ते सगळ्यांना सांगत. स्वतः मात्र ते पाण्यात उतरले नव्हते.

गाव त्यांना जावईबापू म्हणे. त्यामुळे त्यांना कोणी नाही म्हणत नसे आणि त्यांनाही कोणावर ओरडता येत नसे.

भिमाजीची अडचण वेगळीच होती. गेल्या जत्रेत त्यानं केलेल्या रथाचं चाक वेशीतच निखळलं आणि देवाला उरलेली वाट लोकांच्या खांद्यावरून जावं लागलं. तेव्हापासून त्याच्याकडून साधा पाट घेतानाही लोक आधी बसून बघत. आणि आता त्याच माणसानं अख्ख्या गावादेखत बुडणारी बोट करायची होती! त्यानं दोन्ही बाजूंची बोट केली. फटींत ताग ठासला, वरून डांबर चोळलं.

त्याची बायको रंगुबाई दारात उभी राहून बघत होती. "बुडवायचीच हाय, तर एवढं डांबर कशाला?"

"अगं, बुडली तर बूच काढल्यानं बुडली पायजे. फटीतनं पानी आलं तर माझं नाव जाईल."

"आन् वर जी वीस मान्सं उभी ऱ्हानार, त्यातल्या किती जनान्ला पव्हता येतं?"

भिमाजीचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं डांबराची सहा रिकामी पिपं आणली, तोंडं पक्की बंद केली आणि बोटीच्या फळ्यांखाली आवळून टाकली. सिनेमावाल्यांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

शूटिंगला सगळं नेवासं काठावर लोटलं. काळ्या चष्म्यानं बूच उपटलं. पाणी भसाभसा वर आलं, माणसांच्या घोट्यापर्यंत चढलं आणि थांबलं. बोटीवरची माणसं शिकवल्याप्रमाणे ओरडत होती. ओरडून ओरडून त्यांचे घसे बसले. शेवटी एकानं विचारलं, "जावईबापू, अजून किती वरडायचं?"

देवचक्के भिमाजीकडे वळले. "बुडत का नाही हो ही?"

"पानी तर आलंय. म्होरं बोटीची मर्जी."

मग बोटीत धोंडे टाकले. बोट वीतभर दबली आणि तिथंच राहिली. मग काठावरची माणसं चढवली. चढलेली माणसं उतरायला तयार होईनात. कॅमेरामन हळूच पुटपुटला, "तुमच्या सासूबाई बसल्या तर काही होईल." हळू बोलणं त्याला जमत नसावं, कारण सासूबाईंनी, म्हणजे मालनबाईंनी, ते ऐकलं.

"बसते की! बघूच," असं म्हणून त्या पदर खोचून चढल्या. बोट डगमगलीसुद्धा नाही. उलट मालनबाईंनी तिला डोहात दोन फेऱ्या मारायला लावल्या. "जावयानं पयल्यांदाच मला कुठंतरी नेलंय, गप उतरू व्हय?"

तेवढ्यात फिल्म संपली, मागोमाग उजेडही. "एवढी भक्कम बोट कोणी सांगितली होती?" एवढंच देवचक्के म्हणाले आणि सामान बांधून पुण्याला गेले. भिमाजीचे मात्र दिवस फिरले. ज्यानं त्यानं त्या बोटीवर पाय ठेवला होता. आता कोणाला त्याच्याच हातची बैलगाडी हवी होती, कोणाला चौकट. रंगुबाईला घरात बसायला जागा राहिली नाही, इतकं लाकूड आलं.

आठ महिन्यांनी सिनेमा नेवाशाच्या तंबूत लागला. पहिल्याच खेळाला गाव हजर. दिवे गेले, नावं सुरू झाली. नावांच्या मागं एक बोट बुडत होती. ती वितीएवढी होती आणि समुद्राला घमेल्याची कड होती. आणि त्या बुडत्या बोटीवर ठसठशीत अक्षरं उमटली: 'बोट – भिमाजी सुतार, नेवासे'.

भिमाजी ताडकन उठला. त्याची सावली अरबी समुद्रावर पडली. "ही बोट माझी न्हाई! कारस्थान हाय हे!"

"खरं हाय!" मागून लोक ओरडले. "आमी चढलो हुतो की त्या बोटीवर!"

"मी सोता बसले हुते!" बायकांच्या बाजूनं मालनबाई गरजल्या.

गलका इतका वाढला की मशीन थांबवावं लागलं. तंबूवाल्यानं हात जोडले, पुन्हा पहिल्यापासून लावलं. बोट पुन्हा बुडाली, भिमाजी पुन्हा उठला. तिसऱ्या खेपेला तंबूवाल्यानं खेळच बंद केला.

घरी जाताना भिमाजी धुमसत होता. रंगुबाई त्याच्या मागून चालत होती. मग म्हणाली, "नाव मातुर लई मोठं दिलं हुतं."

"केवढं?"

"बैलगाडीयेवढं."

भिमाजी चार पावलं चालला. "मी उभाच ऱ्हायलो, माझ्याच सावलीत गेलं गं. धड वाचता आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेळाला तो एकटाच गेला आणि अगदी पडद्यापुढं मांडी घालून बसला. नावं सुरू झाली. बोट घमेल्यात कलंडली, गुडगुड करत तळाला गेली. मागून कोणीतरी खवळून ओरडलं, "भिमाजी, ऊठ की!"

"गप ऱ्हा रं," भिमाजी मागं न बघता म्हणाला. "वाचू दे."