दाते काकांची अडखळणारी गाडी

दाते काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले होते आणि त्यांच्या कानाला लाटणं लावलेलं होतं. लाटण्याचं दुसरं टोक चालू इंजिनावर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भाव असा की आत कुणीतरी यमन आळवतंय. आम्ही डेट्रॉइटसमोरच्या विंडसरला त्याच दिवशी राहायला आलो होतो. नवरा गादी उतरवता उतरवता म्हणाला, "शेजारी आपले दिसतायत." लाटण्यावरून ओळखलं त्याने.

मी "नमस्कार काका" म्हटलं, तर त्यांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. "श्श! कान दे, कान."

दिला बाई कान. ढुग ढुग ढुग... ढुप्. ढुग ढुग ढुग... ढुप्.

"अडखळतेय. पास नाही!" काका म्हणाले आणि मग माझं नाव विचारलं.

काका इथल्या एका कारखान्यात इंजिनं तपासायला होते. लाइनवरून आलेलं इंजिन चालू करायचं, ऐकायचं आणि पास की नापास ते सांगायचं. रिटायर होऊन जमाना झाला, पण खोड गेली नाही. आमचा डिशवॉशर नापास. गणपतीतला पेटीवाला नापास. आमच्या दोन घरांची भिंत एकच, त्यामुळे माझ्या नवऱ्याचं घोरणंही त्यांनी तपासलंय. "एकसारखं आहे, काळजी करू नकोस," म्हणाले. तेवढं एकच काय ते पास.

आणि स्वतःची गाडी नापास! लांबलचक, निळी, काकांच्या तरुणपणातली, आत आठ सिलिंडरांचं धूड. इथले लोक असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात आणि सिग्नलला काच खाली करून काकांना अंगठा दाखवतात. पळते झकास. पण जागेवर उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी थरथरते. मुलगा लांबच्या कनाटा गावाहून फोनवर म्हणतो, "बाबा, जस्ट सेल इट." काका म्हणतात, "आईला विचारून सांगतो."

आई, म्हणजे मालतीकाकू, नदीकाठच्या नर्सिंग होममध्ये कायमच्या राहायला आहेत. त्यांच्या आठवणी विरत चालल्यात. काका रोज दुपारी त्यांना जेवण भरवायला जातात. ही गाडी नवी आणली तेव्हाच काकूंनी नाक मुरडलं होतं. "हिच्यात बसलं की पोटातलं पाणी डुचमळतं. पेलाभर ताक ठेवा त्या यंत्रावर. सांडलं नाही तर येईन फिरायला." त्या गमतीत म्हणाल्या, काकांनी व्रतच घेतलं. त्यामुळे दर रविवारी इंजिनावर ताकाचा पेला चढायचा आणि आमच्या ड्राइव्हवेभर करपलेल्या कढीचा वास सुटायचा.

"मी कोण ते तिला कळतंय तोवर एकदा फिरवून आणायचंय," काका मला म्हणाले होते. "बाकी काही नको."

घाई होती, कारण काकूंचं ओळखणं भरवशाचं राहिलं नव्हतं. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो म्हणून काका गाडी गराजमध्ये झाकून ठेवतात आणि बसने जातात. तेव्हा काकू त्यांना "डॉक्टर" म्हणतात. बर्फ वितळून गाडी बाहेर निघाली की पुन्हा ओळखायला लागतात. "थंडी बाधते तिला," काका सांगायचे. एवढा निदान करणारा माणूस, आम्ही कशाला शंका घेतोय!

यंदा त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला. ढुप् जागच्या जागी. मग मे महिन्यातल्या एका रविवारी, लायलॅकच्या फुलांच्या वासाने सगळी गल्ली पेंगुळलेली असताना, काका आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आले. "पोरी, तुझं पोळपाट दे. आणि उदबत्ती."

"काका, मी कणीक मळून बसलेय! गाडीची आरती करताय की काय?"

"कुठूनतरी चोरून हवा ओढतेय ती. धूर सांगेल कुठून."

मग काय, मी इंजिनाच्या पंख्याच्या वाऱ्याला आड पोळपाट धरून उभी. काका चालू इंजिनावर उदबत्ती ओवाळतायत, आणि पेट्रोलच्या धास्तीने माझा नवरा बागेचा पाइप रोखून मागे. देवा रे, काय ते दृश्य! चंदनाचा धूर आळसावून वर चढत होता. कार्बोरेटरच्या मागे गेल्यावर तो एकदम वाकला आणि आत शिरला.

"सापडली!" काका ओरडले. करंगळीएवढी रबरी नळी, खालच्या अंगाला चिरलेली.

दुपारी नवी नळी बसली. ढुग ढुग ढुग ढुग ढुग. काकांनी ताकाचा पेला ठेवला. वरची कोथिंबीरसुद्धा हलली नाही. वाकून पेल्याच्या काठाकडे बघत ते हळूच म्हणाले, "पास." मला रडूच आलं हो.

इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले, पेला धरायला मला मागच्या सीटवर बसवून. नदीकाठाने गाडी अशी चालली की झोप यावी. पाण्यावर ऊन चमकत होतं आणि पलीकडे डेट्रॉइटच्या इमारती त्यात पाय सोडून बसल्या होत्या.

काकू नेहमीसारख्या खिडकीशी बसल्या होत्या. गाडी त्या खिडकीखालीच उभी केली. माझ्याकडचा पेला घेऊन काका आत गेले ते हसतच, मी मागोमाग. "मालती, चल. ताक सांडलं नाही बघ!"

काकूंनी त्यांना हात जोडले. "डॉक्टर, आमचे हे यायचेत अजून."

काकांच्या हातातला पेला खाली आला. बाहेर चांगलं ऊन होतं, थंडीचं नावसुद्धा नव्हतं.

"येतील हं काकू," मी कसंबसं म्हटलं.

"येणार तर! आले की मला इथूनच कळतं." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं. टक टक टक, जरा थांबून, टक्. "असे येतात. मग मी कुकर लावते."

काकांनी त्या बोटाला कान दिला. मग पेला माझ्याकडे देऊन बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं: गाडी चालू केली, बॉनेट उघडलं, आत हात घातला. हात तसाच राहिला. अडखळतं इंजिन ज्याने जन्मात पास केलं नाही, त्या माणसाने डोळे मिटले आणि नवी नळी उपसून काढली.

ढुग ढुग ढुग... ढुप्.

काकूंनी मान वर केली. केस सारखे केले, स्वेटरचं बटण लावलं. "आले," त्या मला म्हणाल्या.

काका दारात आले तर गरजल्याच. "किती हो उशीर! आणि फिरायला नेणार होतात ना?"

आम्ही निघालो. काकू पुढे बसल्या, मी पेला धरून मागे. पहिल्याच सिग्नलला गाडी थरथरली आणि ताक माझ्या मांडीवर सांडलं. काकूंनी वळून पाहिलं आणि मनापासून हसल्या.

"सांडलं! तुम्हाला या जन्मात ही दुरुस्त करता यायची नाही."

काकांनी गिअरवरचा हात काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"नाही गं जमत," ते म्हणाले.