शिवतेजच्या गुडघ्यांची सोय

दोन सीटची लाल स्पोर्ट्‌स कार शिवतेजने पुण्याहून जुन्यात घेतली ती फक्त बाहेरून पाहून. त्याची उंची सहा फूट दोन इंच. आत बसला की गुडघे स्टिअरिंगला आणि डोकं छताला. मलकापूरच्या घरापर्यंत तो मान वाकडी करूनच आला. आता रविवारी फलटणला मेहुण्याचा साखरपुडा होता. सासरे जोतीराम म्हणजे निवृत्त सुभेदार. त्यांच्या दारात, सगळ्या पाहुण्यांदेखत, ही गाडी स्वतः चालवत न्यायची, एवढ्यासाठी तर हा खटाटोप.

"आवं, मोटरसायकल काय वाईट हाय?" त्याची बायको दीपमाला म्हणाली. ती पाच फुटांची, तिला गाडी ऐसपैस वाटत होती.

अशा गाडीचा मेकॅनिक मिळेना, म्हणून शिवतेज नाथाजीकडे गेला. नाथाजी उसाच्या ट्रॉल्या बनवतो आणि चाकं दिसली की सगळ्याला ट्रॉलीच समजतो. सीटखालच्या पट्ट्या काढून सीट थेट तळाला आवळायची, म्हणजे अडीच इंच जागा मिळेल, असं ठरलं. डावी सीट तासाभरात खाली बसली. उजवीकडचं मॅटिंग उचललं आणि नाथाजीने सवयीने तळाला पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरीकडे टोचला, तिथेही तेच. दोघांनी वाकून पाहिलं तर गंजून गेलेल्या तळाच्या भोकातून खालची जमीन दिसत होती.

"दादा, ब्रेक दाबला असता तर पाय रस्त्यावर गेला असता," नाथाजी म्हणाला. "ट्रॉलीचा पत्रा टाकतो. दहा टन ऊस पेलतोय, तुमी काय."

शिवतेज निर्धास्तपणे कामावर गेला. जाड पत्र्याला आधाराला लोखंडी अँगल हवेत. ते खालून लावले तर गाडी पहिल्याच गतिरोधकावर बसणार. म्हणून नाथाजीने ते आतून लावले आणि त्यावर सीट ठेवली. बसणाऱ्याचं माप घेतल्याशिवाय सीट पक्की करायची नाही, हा त्याचा ट्रॅक्टरच्या सीटांचा नियम. तेवढ्यात दीपमाला काम कुठवर आलं ते बघायला आली. नाथाजीने तिलाच बसवलं, पाय पुरतात का, समोर दिसतं का, विचारलं, आणि ती उतरल्यावर सीट वेल्डिंग करून टाकली.

शनिवारी संध्याकाळी शिवतेज बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगखाली जाईनातच.

"हे काय केलंस रं?"

"मालकिणीच्या मापानं केलंय. आता जन्मात हलायची न्हाई."

ते कापून पुन्हा करायला मंगळवार उजाडणार होता. शिवतेजला रडायचंच तेवढं बाकी राहिलं.

रविवारी गाडी दीपमालाने चालवली. माहेरी तिने बापाची जीप चालवलेली, त्यात आता अँगलांवर उंच झालेल्या सीटवरून समोरचं छान दिसत होतं. शिवतेज शेजारच्या खोल सीटवर. अडीच इंच मिळूनही डोकं छताला लागत होतं, म्हणून पाठ मागे पाडून, जवळजवळ आडवाच.

मांडवाच्या दारात गाडी थांबली. जोतीराम हौसेने पुढे आले. लेकीला स्टिअरिंगवर पाहिलं, मग वाकून शेजारी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाव्हणं, लय दुखतंय का?"

मागे पंचवीस पाहुणे उभे होते. बायकोच्या मापाची सीट, ट्रॉलीचा पत्रा, हे सगळं त्यांच्यासमोर कुठून सांगायला सुरुवात करायची, हे शिवतेजला सुचेना.

"व्हय मामा," तो म्हणाला. "कंबर धरलीया."

चौघांनी त्याला उचलून आतल्या खोलीत कॉटवर ठेवलं. साखरपुडा त्याने तिथूनच ऐकला. खिडकीतून दीपमाला दिसत होती. एकेका मावशीला शेजारी बसवून ती गावातून चक्कर मारून आणत होती.