चार फूट पाण्याचा पंचनामा

साहेब, तळं तुम्ही मारलंत. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही अब्रूनुकसानीचा दावा लावता. तळ्याला अब्रू नव्हती, नुसतं पाणी होतं, म्हणून त्याच्या नुकसानीचा दावा कोणी लावला नाही. पण त्या प्रकरणात आजवर एकच माणूस पकडला गेला आहे, आणि तो तुम्ही नाही. तो एक प्लंबर आहे. त्याने काय केलं ते निदान ऐकून घ्या.

जलविहार ही अकरा मजली इमारत तळ्याच्या जागेवर उभी आहे. जे पुरायचं त्याचं नाव पाटीवर लावायचं, एवढी माणुसकी बांधकामवाले अजून पाळतात. तळं बुजवून सहा वर्षं झाली होती, पण ही गोष्ट पाण्याला कोणी लेखी कळवलेली नव्हती. त्यामुळे ते अधूनमधून जुन्या पत्त्यावर यायचं आणि बेसमेंटमध्ये गाड्यांच्या चाकांशी उभं राहायचं. रहिवासी वैतागले आणि त्यांनी प्लंबरला बोलावलं. प्लंबर पन्नाशीचा, गुडघे कुरकुरणारा, पण हाताला यश असलेला माणूस. त्याने चार दिवस खपून नवी लाइन टाकली, पंप बसवला आणि बेसमेंट असं कोरडं केलं की गादी अंथरून खुशाल झोपावं.

शेवटचं चेंबर साफ करताना पाइपाच्या तोंडाशी त्याला ताटलीएवढा दगड लागला. त्याने ओढला तर दगडाने पाय आत घेतले.

ते कासव त्याने रंगाच्या रिकाम्या बादलीतून घरी आणलं. त्याच्या बायकोला सवय होती. नवरा कामावरून कधी जुना नळ आणायचा, कधी पितळेचा वॉल्व्ह, कधी पाठदुखी. तिने बादलीत डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, की हे कुठे बसवणार आहात. मग कपड्यांचा टब रिकामा केला, त्यात पाणी घातलं, बसायला एक वीट ठेवली. संध्याकाळपर्यंत कासवाने मान बाहेर काढून तिच्या हातची काकडी खाल्ली आणि घरातला त्याचा मुक्काम मंजूर झाला.

इथवर कायद्याला काही कळलेलं नव्हतं. पण प्लंबरला एक खोड होती. काम अर्धवट सोडायचं नाही. कासव काढलं, आता ते जिथे जायला हवं तिथे पोचवलं पाहिजे, म्हणून तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी वन्यजीव गुन्हे प्रतिबंध कक्षात गेला.

कक्षाचा अधिकारी भला माणूस होता. टेबलावर काच, काचेखाली वाघाचं चित्र, खिडकीत प्लॅस्टिकचं झाड. त्या झाडाला शिपाई रोज पाणी घालत असे, कारण कामवाटपाच्या तक्त्यात तसं लिहिलं होतं. कक्षाने तीन वर्षांत एकही गुन्हा उघडकीस आणलेला नव्हता आणि वरून पत्र आलं होतं की ज्या अर्थी गुन्हे सापडत नाहीत, त्या अर्थी आपले लक्ष नाही. अशा वेळी दारात बादली घेऊन माणूस उभा राहिला. अधिकाऱ्याने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अर्ज समोर ओढला.

"प्राणी कोणाच्या ताब्यात आढळला?"

"माझ्याच. मीच घेऊन आलोय ना."

"ताब्यात ठेवायचा परवाना?"

"साहेब, ते चेंबरमध्ये अडकलं होतं. मेलं असतं."

"मेलं असतं तर ते नैसर्गिक होतं," अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाला. "तुम्ही वाचवलंत, तिथे कायदा सुरू झाला."

प्लंबरने सांगून पाहिलं, की हे कासव त्या बुजवलेल्या तळ्यातलं असणार. त्यावर अधिकाऱ्याने कपाटातून नकाशा काढला. नकाशात तळं होतं. निळंशार. त्याला बुजवलेलं म्हणणं ही शासकीय कागदपत्रांची बदनामी होती. झालं होतं असं, की भरावाची परवानगी 'तळ्याचे सुशोभीकरण' या नावाने निघाली होती. पहिल्या टप्प्यात पाणी काढून भराव टाकायचा, दुसऱ्यात इमारत बांधायची, तिसऱ्यात पाणी परत आणायचं. तिसरा टप्पा विचाराधीन होता. दरम्यान तळं सुशोभित अवस्थेत नांदत होतं, त्याची खोली दर वर्षी मोजली जात होती, ती सरासरी चार फूट भरत होती, आणि उत्कृष्ट संवर्धनाचं मानचिन्हही त्याला दोनदा मिळालं होतं. तेव्हा हा साधा गुन्हा नव्हता. सन्मानित तळ्यातून केलेली ती उचलेगिरी होती.

"मग बाकीची कासवं?" प्लंबरने विचारलं. "मासे होते, बेडूक होते, काठाला बगळ्यांची घरटी होती. ती कुठे गेली?"

अधिकाऱ्याने जोडपत्र दोन काढून दाखवलं. प्राण्यांनी स्थलांतर करावे, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं होतं.

"कुठे?"

"ते आपण त्यांच्यावर लादत नाही," अधिकारी म्हणाला.

एक कासव उचललं तर गुन्हा आणि सगळी पुरली तर प्रकल्प, हे गणित प्लंबरच्या डोक्यात शिरायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. तोवर त्याचा प्लंबिंगचा परवाना जप्त झाला होता. गुन्हा व्यवसाय करताना घडला, म्हणून व्यवसाय थांबवला. कासव मात्र त्याच्याकडेच ठेवायला दिलं, कारण कक्षाकडे टब नव्हता. आता ते बेकायदा ताब्यात नसून मुद्देमाल म्हणून ताब्यात होतं, आणि ते दगावलं तर पुरावा नष्ट केल्याचं कलम वेगळं लागणार होतं.

परवाना नाही म्हणजे नळाला हात लावायचा नाही. आठवडाभरात गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. घरातला मोरीचा नळ गळायला लागला तर तो नुसता बघत बसला. बायकोने पाना हातात दिला तेव्हा त्याने तो परत ठेवला. मागे लागायला एकच कलम पुरे होतं.

बातमी छापून आली आणि एका संस्थेतली संशोधक घरी आली. ती हरित गुन्हेशास्त्र शिकवत होती. झाडं, पाणी, जनावरं यांच्याविरुद्ध माणसं जे गुन्हे करतात त्यांचा हा अभ्यास, असं तिने सांगितलं तेव्हा प्लंबरला बरं वाटलं. चला, कोणीतरी हे बघतंय म्हणायचं. त्याने तिला पाट सरकवून दिला आणि विचारलं, की म्हणजे तळं बुजवणाऱ्यांनाही तुम्ही भेटलात का.

"त्यांचा अभ्यास आम्हाला करता येत नाही, काका," ती म्हणाली. "त्यांनी आमच्या संस्थेला सभागृह बांधून दिलंय. हितसंबंध येतात. आमचे नैतिकतेचे नियम फार कडक आहेत."

मग तिने प्रश्नावली काढली. लहानपणी मुंग्या चिरडल्या होत्या का? पाण्यात हात घातल्यावर काय वाटतं? उत्तेजित, समाधानी की सांगता येत नाही? प्लंबर म्हणाला, गार वाटतं. तिने 'सांगता येत नाही'वर खूण केली. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, यांना पाण्यात हात घातल्याचे पैसे मिळतात. तेवढं लिहा." ते 'आर्थिक हेतू' या सदरात लिहिलं गेलं.

अहवालाचा बोलबाला झाला. उघडकीस आलेल्या गुन्हेगारांपैकी शंभर टक्के पुरुष, शंभर टक्के पन्नाशीचे आणि शंभर टक्के प्लंबर होते. इतका स्वच्छ निष्कर्ष त्या विद्येत आजवर कोणाला मिळाला नव्हता. लगोलग परिपत्रक निघालं आणि शहरातल्या प्रत्येक इमारतीच्या फाटकावर प्लंबरांच्या बादल्या तपासायला सुरुवात झाली. जलविहारच्या रहिवाशांनी तर 'प्लंबरांपासून जैवविविधता वाचवा' असा मोठा फलक लावला. फलक रस्त्यावरून दिसावा म्हणून आड येणारं एकुलतं एक झाड तोडलं. रीतसर परवानगी घेऊन.

महिन्याने कक्षाकडून आदेश आला. सात दिवसांत प्राणी त्याच्या मूळ अधिवासात, अधिकारी व दोन पंचांच्या समक्ष सोडावा. सोडल्यास परवाना जागेवर परत. न सोडल्यास कायमचा रद्द. प्लंबर धावत कक्षात गेला. पलीकडे, तीन किलोमीटरवर, खरोखरचं पाणी असलेला एक तलाव होता. तिथे सोडू का? अधिकाऱ्याने मान हलवली. दुसऱ्या तलावात नेणं म्हणजे विनापरवाना वाहतूक. मूळ अधिवास नकाशात निळ्या रंगाने दाखवलेला आहे, तिथेच सोडायचं.

"साहेब, तिथे गाड्या उभ्या असतात."

"गाड्यांची नोंद आमच्याकडे नाही. ते वाहतूक खातं."

ठरल्या दिवशी सकाळी बायकोने टब पुसला. परवाना आहे तर घर आहे, हे तिने आठवडाभर त्याला ऐकवलं होतं, आणि चूक काही नव्हतं. मुलीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि दुसरं कोणतं काम त्याला येत नव्हतं. सोडा आणि या, मागे वळून बघू नका, असं ती म्हणाली. मग टबात काकडीचे चार तुकडे टाकले. प्रवासाला लागतात, म्हणाली, आणि आत निघून गेली.

बेसमेंटमध्ये अधिकारी आधीच हजर होता. जलाशयात उतरताना गमबूट सक्तीचे असल्यामुळे त्या कोरड्या फरशीवर तो गुडघ्यापर्यंतचे बूट घालून उभा होता. शिपायाच्या गळ्यात हवा भरलेली ट्यूब होती. शिपायाने मोजकाठी जमिनीला टेकवली, वाकून बघितलं आणि शून्य म्हणाला. अधिकाऱ्याने चार फूट लिहिलं. मागच्या वर्षीशी आकडा जुळायला हवा.

पहिले पंच म्हणून इमारतीच्या सचिवांनी सही केली. दुसरे पंच मिळेनात. सकाळची घाईची वेळ. शेवटी चौदा नंबरच्या जागेत एक रहिवासी गाडी सुरू करून बसले होते, त्यांच्या काचेवर अधिकाऱ्याने टकटक केली. त्यांनी काच अर्धी खाली घेतली, कागद स्टिअरिंगवर ठेवला आणि 'जागेवर मुबलक व स्वच्छ पाणी असल्याचे आम्ही समक्ष पाहिले' याच्या खाली सही ठोकली. काच वर गेली. कागदपत्र पूर्ण झालं. अधिकाऱ्याने परवान्यावर शिक्का मारून तो प्लंबरच्या हातात दिला, आणि दिलेला शब्द पाळल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"सोडा आता."

प्लंबरने परवाना वरच्या खिशात घातला. टब तिरका केला. कासव फरशीवर घसरत आलं, थोडा वेळ तसंच बसलं, मग त्याने मान लांब करून इकडेतिकडे पाहिलं. पाणी कुठे दिसेना. सावली तेवढी दिसली, तिकडे ते निघालं. नखांचा खरखर आवाज करत ते चौदा नंबरच्या गाडीखाली गेलं आणि मागच्या चाकाला अंग टेकवून थांबलं.

'प्राणी पोहत खोल पाण्यात गेला,' अधिकाऱ्याने लिहिलं.

"साहेब, चाकाखाली गेलंय ते."

"तळ्यात चाक नसतं."

"गाडी सुरू आहे साहेब. मी काढतो फक्त. दोन मिनिटं."

अधिकाऱ्याने वही मिटली. आवाज खाली आणून, आपल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "प्लंबर, ऐका माझं. पुन्हा हात लावलात तर दुसऱ्यांदा तोच गुन्हा. मग तुम्ही सराईत ठरता. परवाना विसरा, आतही जाल. चला घरी."

प्लंबर उभा राहिला. दोनदा हॉर्न वाजला, तेवढा वेळ उभा राहिला. मग त्याने खिशातून परवाना काढला, अधिकाऱ्याच्या मिटलेल्या वहीवर ठेवला, आणि कुरकुरत्या गुडघ्यांवर बसून, मग पालथा होऊन, गाडीच्या मागून कमरेपर्यंत आत शिरला. कासवाने अंग आवळून घेतलं होतं. चाकाच्या पुढच्या बाजूला, टायर आणि फरशी यांच्या फटीत ते असं बसलं होतं, की दोन्ही हात लागणार होते. थोडा वेळही लागणार होता.

दुसरे पंच, आता तुमच्याशी बोलायचं आहे. हो, तुमच्याशीच. मागे कोण बसलंय म्हणून वळून बघू नका, चौदा नंबरच्या गाडीत तुमच्याशिवाय कोणी नाही. सही न वाचता केलीत, घाई होती, समजलं. तळं तुम्ही बुजवलं नाहीत, वरचा फ्लॅट फक्त घेतलात, तेही मान्य. उशीर होतोय यात शंका नाही. पण तुमचा हात गिअरवर आहे, आणि खालून प्लंबर पत्र्यावर ठोकतोय. आरशात त्याचे दोन पाय तुम्हाला दिसताहेत. इथे चार फूट पाणी असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत माणूस बुडतोय. नसेल तर तुमची सही खोटी आहे. यातलं काय खरं ते सावकाश ठरवा. आधी गाडी बंद करताय की नाही, ते बोला.