सुळ्यांची अट

एका जंगलात, मुलांनो, एक सरकारी खातं होतं. त्याचं नाव वाट खातं.

या खात्याला वर्षातून एकच काम असे. उन्हाळ्यात जवळची तळी आटली की सगळ्या प्राण्यांना रांगेनं लांबच्या डोहावर न्यायचं. रांगेच्या पुढे जो चाले, त्याला वाटाड्या म्हणत. वाटाड्या आणि त्याचं कुटुंब डोहाचं पाणी सगळ्यांत आधी पीत. मग साहेब लोक. मग बाकीचे नर. शेवटी माद्या आणि पिल्लं. माद्यांना शेवटी ठेवणं हे त्यांच्या सुरक्षिततेसाठी होतं. त्यांची पाळी येईपर्यंत डोहात पाणी कमी आणि चिखल जास्त असे. सुरक्षितता मात्र भरपूर असे.

जुना वाटाड्या म्हणजे दगडोबा हत्ती. त्याचे डोळे गेले होते. अकरा उन्हाळे तो द्वारका नावाच्या हत्तिणीच्या पाठीवर सोंड टेकवून चालला. कुठली माती खाली ओली आहे, कुठल्या ओढ्याच्या काठानं गेलं की सावली मिळते, हे द्वारका हुंगून सांगायची. दगडोबा फक्त चालायचा. दप्तरात दगडोबाच्या नावापुढे 'वाटाड्या' लिहिलेलं असे. द्वारकेच्या नावापुढे 'मदत'.

एका वर्षी थंडीत दगडोबा वारला. जागा रिकामी झाली. द्वारकेनं अर्ज केला.

तिला मानाची हौस नव्हती. तिची लेक ठकी मागच्या उन्हाळ्यात गढूळ पाण्यानं महिनाभर आडवी पडली होती. उठली, पण अजून चार पावलं चालली की थांबून श्वास घ्यायची. यंदा ठकीला स्वच्छ पाणी मिळायला हवं, एवढंच द्वारकेला कळत होतं.

मुलाखत घ्यायला अध्यक्ष म्हणून गवेसाहेब बसले. सदस्य म्हणून बिबटेसाहेब. लिहून घ्यायला साळिंदर. साळिंदराच्या पाठीवर जन्मतःच इतक्या लेखण्या होत्या, की त्याला कारकुनी सोडून दुसरं काही जमण्यासारखंच नव्हतं.

"बसा बाई," गवेसाहेब म्हणाले. "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि लेक."

"मग तुम्ही पुढे चाललात तर तिच्याकडे कोण बघणार?"

"ती माझ्याबरोबरच चालेल साहेब. दरवर्षी चालते."

"आणि पुन्हा काही... म्हणजे गोड बातमी वगैरे?" बिबटेसाहेबांनी विचारलं.

"सध्या नाही."

"पण झालीच तर? हत्तिणीचे बावीस महिने असतात. दोन उन्हाळे गेलेच की हो!"

"ठकीच्या वेळी पोटुशी होते, तेव्हा दोन्ही उन्हाळे मीच वाट दाखवली."

"दाखवली नाही," साळिंदर लिहिता लिहिता म्हणाला. "मदत केली."

द्वारका म्हणाली, "वाटेबद्दल काही विचारायचंय का?"

"तेवढा वेळ नाही बाई," गवेसाहेब म्हणाले. "बाहेर उमेदवार थांबलाय."

बाहेर प्रतापराव थांबले होते. हा शेजारच्या जंगलातला तरुण हत्ती. इकडे येऊन त्याला बारा दिवस झाले होते.

"सुळे?" गवेसाहेबांनी विचारलं.

"अडीच हात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

बिबटेसाहेबांनी उठून सुळ्यांवरून पंजा फिरवला. "वा! लग्न झालंय?"

"नाही साहेब."

"करून टाका. घरचं बघायला कुणी असलं की पुरुषाचं कामात लक्ष लागतं. बरं, वाट माहीत आहे?"

"शिकेन की."

"शिकतील की," गवेसाहेब म्हणाले. "द्वारकाबाई शिकवतील. त्यांना कामाची आवड आहे."

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. निकालाखाली एक ओळ होती. वाटाड्याला सुळे असणं आवश्यक.

द्वारका साळिंदराकडे गेली. "ही अट आधी नव्हती."

"कालच घातली."

"हत्तिणींना असे सुळे नसतात."

"नियमात हत्तीण हा शब्द तरी आहे का? बघा हवं तर. आपल्याकडे भेदभाव चालत नाही बाई. ज्याला सुळे, त्याला जागा."

"पण वाट शोधायला सुळे कशाला लागतात?"

साळिंदरानं खरोखर विचार केला. "लांबून दिसतात," तो म्हणाला.

उन्हाळा आला. रांग निघाली. पुढे प्रतापराव, मागे द्वारका. तिनं त्यांना शिकवायचं होतं, पण मागून.

जळक्या सागाजवळ वाटेला दोन फाटे फुटत. प्रतापराव झोकात उजवीकडे वळले. मागे द्वारकेनं सोंड वर केली. ओल्या मातीचा वास डावीकडून येत होता.

"डावीकडे," तिनं पुढच्या हरिणीला सांगितलं.

"बाई म्हणतात, डावीकडे," हरिणीनं पुढच्या रानडुकराला सांगितलं.

"कुणीतरी म्हणतंय, डावीकडे," रानडुकरानं बिबटेसाहेबांना सांगितलं.

बिबटेसाहेब थांबले. त्यांनी डोळे मिटले. "मला असं वाटतं," ते म्हणाले, "की आपण डावीकडे वळावं."

"याला म्हणतात दूरदृष्टी!" गवेसाहेब म्हणाले.

"माझ्याही तेच मनात होतं," प्रतापराव म्हणाले.

डोह मिळाला. प्रतापराव आधी प्यायले, मग साहेब, मग बाकीचे. ठकीची पाळी आली तेव्हा तिच्या सोंडेत नुसता चिखल आला. ती तो प्यायली, कारण दुसरं काही नव्हतं. या वेळी ती दोन महिने आडवी पडली.

द्वारकेनं तक्रार केली. एकदा केली, दहादा केली. शेवटी खात्यानं सुळ्यांची अट रद्द केली आणि त्याचा समारंभ ठेवला. गवेसाहेबांनी द्वारकेच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो कानापर्यंतच पोचला.

"आजपासून हे पद आमच्या माताभगिनींसाठी खुलं आहे!" गवेसाहेब म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रतापरावांनी तर सर्वांत जास्त वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर साळिंदरानं नवी अट वाचली. वाटाड्या म्हणून किमान एका उन्हाळ्याचा अनुभव हवा.

"माझा अकरा उन्हाळ्यांचा आहे," द्वारका म्हणाली.

"तो मदतीचा अनुभव, बाई. मदतीचा अनुभव मदतीच्या जागेसाठी धरतात. आणि ती जागा तुम्हाला आहेच की."

वाटाड्याचा अनुभव असलेला अर्जदार सगळ्या जंगलात एकच निघाला. त्याचे सुळे अडीच हात होते. पण तो योगायोग.

पुढच्या उन्हाळ्यात रांग पुन्हा जळक्या सागाजवळ आली. प्रतापराव पुन्हा उजवीकडे वळले. त्यांचा अनुभव उजवीकडचाच होता.

द्वारकेनं या वेळी पुढे निरोप धाडला नाही. ठकीला पुढे घातलं आणि डावीकडे वळली.

"अगं द्वारके," हरिणी ओरडली, "रांग तिकडं चाललीय!"

"हो," द्वारका म्हणाली. "आणि पाणी इकडं आहे."

हरिणीनं एकदा तिकडं बघितलं, एकदा इकडं. मग पाडसाला ढुशी दिली आणि द्वारकेच्या मागे निघाली. तिच्यामागे भेकरी, तिच्यामागे अस्वली, तिच्यामागे झाडून सगळ्या आल्या. पुढच्यांना पत्ताच लागला नाही. मागे वळून बघणं वाटाड्याच्या कामात मोडत नव्हतं.

डोह भरलेला होता. पाण्यावर काडीही नव्हती. ठकीनं वाकून पाहिलं तर खालून दुसरी ठकी तिच्याकडे बघत होती. तिनं सोंड घातली आणि पोट भरेपर्यंत काढली नाही.

नवव्या दिवशी साहेब मंडळी आली. बरगड्या मोजता येत होत्या. प्रतापरावांच्या सुळ्यांवर वारुळाची माती चिकटली होती. एकदा तिथेही खणून पाहिलं होतं.

"या," द्वारका म्हणाली आणि बाजूला झाली. "भरपूर आहे."

ते प्यायले. बराच वेळ प्यायले. गवेसाहेबांच्या अंगात जीव आला तसा त्यांनी साळिंदराला बोलावलं आणि कारणे दाखवा नोटीस सांगायला घेतली. साळिंदरानं ती द्वारकेपुढे उभं राहून वाचली. त्याच्या हनुवटीवरून अजून पाणी गळत होतं.

"रांग सोडून, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी न घेता, पाणी शोधून काढल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, याची कारणं तीन दिवसांत द्यावीत."

द्वारका ठकीच्या पाठीवर पाणी उडवत होती.

"काय लिहू बाई?"

"लिहा, तहान लागली होती."

"एवढंच?" साळिंदर म्हणाला. "हे कारण साहेबांना पटायचं नाही."

"तुम्हाला पटलं ना?"

साळिंदरानं हनुवटी पुसली आणि काही न लिहिता तिथंच उभा राहिला.

तात्पर्य : मुलांनो, कोणत्याही जागेसाठी आधी माणूस निवडावा आणि मग त्याच्या मापाच्या अटी लिहाव्यात. अटी आधी लिहिल्या, तर एखादी बाई त्या पूर्ण करून बसते आणि मग सगळ्यांचीच पंचाईत होते.