मागून येणारे निंबाआबा

आमच्या कॉलनीच्या फाटकापासून निंबाआबांचं घर मोजून तीस पावलांवर आहे. बाजारातून येताना ते फाटकाबाहेर रिक्षा थांबवतात, खाली उतरतात, फाटक उघडतात, रिक्षा आत घेतात, फाटक लावतात, कडी नीट बसली का ते हलवून पाहतात, आणि मग सत्तरी ओलांडलेला हा माणूस चालत्या रिक्षेमागे पळत जाऊन तिच्यात चढतो. तीस पावलांसाठी. नंदुरबारचे रिक्षावाले आता त्यांच्यासाठी वेग कमी करतात. मी व्हरांड्यातून हे पाहते आणि मान फिरवते.

निंबाआबा म्हणजे तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ. कोरीटला घरची काळी जमीन असताना हे गुजरातेत वघईच्या छोट्या रेल्वेवर गेटमन झाले. त्या गाडीची तऱ्हा अशी, की जंगलातल्या फाटकांवर कोणी नेमलेलं नसतं. गेटमन गाडीतूनच फिरतो. फाटक आलं की गाडी थांबते. हा उतरून रस्ता बंद करतो, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबते, हा रस्ता मोकळा करतो आणि पळत येऊन शेवटच्या डब्यात चढतो. मग पुढचं फाटक. असं बत्तीस वर्षं. पाटलाचा मुलगा दारं लावायच्या नोकरीला लागला, असं तुमचे पणजोबा म्हणत. मला त्यात काही खोटं दिसलं नाही.

नोकरी सुटली, खोड सुटली नाही. लग्नात सगळे पंगतीला बसले, तरी हे दाराशीच उभे. "तुम्ही व्हा पुढे, मी मांगतून येस," हे त्यांचं पालुपद. ते मागून येईपर्यंत जिलबी संपलेली असते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. त्यामुळे त्यांना टोकायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते चोख करते. माझ्याकडे चहा साडेचारला होतो. चार पस्तीसला येणाऱ्याला रिकामं पातेलं दिसतं. मी कोणासाठी थांबत नाही. तुमच्या आजोबांसाठीसुद्धा थांबले नाही.

आता तुमच्या तिकिटांविषयी. त्या गाडीला पर्यटकांसाठी मोठ्या काचांचा थंडगार डबा लावला, हे तुम्ही तिकडे बसून वाचलंत आणि माझी आणि निंबाआबांची तिकिटं काढून पाठवलीत. निंबाआबांनी इस्त्रीचा सदरा घातला.

"बत्तीस वरीस गाडीमा उभा ऱ्हायनू, वहिनी. जंगल कधी दखं नही, नुसती कडी दखी. आज मी पशिंजर शे. एकबी गेटले उतरसू नही."

"उतरलात तर मी ओळख दाखवणार नाही," मी म्हटलं.

विसरवाडीमार्गे बसने वघई गाठेपर्यंत माझी कंबर ढिली झाली. गाडीचं कौतुक तुम्ही वाचलंच असेल. मी पाहिलं ते सांगते. सायकलवाला तिला मागे टाकतो आणि वर वळून बघतो. या मंदपणाला वारसा म्हणतात. समोरचं एक जोडपं प्रत्येक सागाचा फोटो काढत होतं, जणू साग कोणी पाहिलाच नव्हता.

पहिलं फाटक आलं. आबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. दुसऱ्या फाटकाला त्यांचे पाय हलले. "नवा गडी कडी बराबर लावत नही," एवढंच पुटपुटले. तिसऱ्या फाटकाला मी चष्मा पुसत होते. डोळ्यांवर चढवून पाहते तर शेजारची जागा रिकामी.

बाहेर एका बाजूचं फाटक नवा गेटमन लावत होता, दुसऱ्या बाजूचं निंबाआबा. गाडी ओलांडून पुढे थांबली. नवा गेटमन आपल्या बाजूचं फाटक उघडून पळत येऊन चढला. गार्डने हिरवं निशाण दाखवलं. त्याच्या दृष्टीने माणूस चढला होता. आबा तिकडे आपलं फाटक उघडून त्याची कडी हलवून बघत होते. गाडी हलली तेव्हा ते पळू लागले. ते घाबरलेले नव्हते. गाडी थांबणारच, अशा भरवशाने येत होते. दांडी धरायला हात आधीच पुढे केलेला. अंतर मात्र वाढत होतं.

आमचा डबा शेवटचा. मी उठले, गार्डपाशी गेले आणि म्हटलं, "थांबवा. आमचा माणूस यायचाय."

भर डब्यात, मोठ्याने. ते जोडपं साग सोडून माझ्याकडे बघू लागलं.

गाडी थांबली. आबा चढले, धापा टाकत बसले. माझी बोलणी तयारच होती. "पशिंजर ना तुम्ही? कशाला उतरलात?"

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. "घरमा मन्हाकरता कोन थांबस, वहिनी? आठे, ह्या फाटकसवर, रोज आख्खी गाडी थांबे."

मग शेवटच्या स्टेशनापर्यंत, बिलिमोऱ्यापर्यंत, ते जागचे हलले नाहीत. जंगल केव्हाच संपलं होतं. कोरीटला जन्मभर पाहिलेली उसाची शेतंच ते काचेला नाक लावून बघत होते.

चहा अजूनही साडेचारलाच होतो. पातेल्यावर झाकण ठेवायची पद्धत मात्र मी नव्याने सुरू केली आहे.